आबांची कानस

मशीनगनच्या ट्रायपॉडची पिन आणि ती बसते तो ब्रॅकेट, असं काम आमच्या शिरोलीतल्या शेडकडे आलं, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गल्लीभर पेढे वाटले. खरं तर ऑर्डर पक्की नव्हती. आधी वीस जोड्यांचा नमुना पास व्हायला हवा होता. तो पास करून घेणं माझ्याकडे, कारण वर्षभरापूर्वी आबांनी शेड माझ्या हाती दिली होती. म्हणजे किल्ल्या दिल्या होत्या. कानस दिली नव्हती.

माल मशीनवर अचूक निघत होता. पण हा जुना फिटर त्याला हात न लावता सोडेल तर शपथ! मी जेवायला गेले की आबा प्रत्येक पिन तिच्या ब्रॅकेटमध्ये घालून बघत आणि जरा घट्ट वाटली की कानस फिरवून ती घासून बारीक करत. हे मला फार उशिरा कळलं.

ऑर्डर देणाऱ्या कंपनीतर्फे तपासायला आले ते कागलचे निवृत्त सुभेदार. त्यांनी सगळ्या पिना घमेल्यात ओतल्या, हातानं ढवळल्या आणि हाताला येईल ती मिळेल त्या ब्रॅकेटमध्ये घातली. सात पिना खुळखुळल्या.

आबा उसळले. "अवो पावणं, जोड्या मोडल्यासा की! ह्येची बायको त्येला दिल्यावर संसार हुईल व्हय?"

सुभेदार हसले नाहीत. "ही गन एकटा जवान तिच्याच दोन पायांच्या स्टँडवर टेकून चालवतोय. तीच ट्रायपॉडवर चढवली की तासन्‌तास मारा करती, तिच्या जिवावर पोरं पुढं सरकत्यात. पिन तुटली तर दुसऱ्या ट्रायपॉडची काढून लावायची. वरनं गोळ्या येत असताना जोडी कुठं हुडकू, आबा?"

आबांनी कानस चालवली होती हे तेव्हा कुठं मला कळलं आणि मी रागानं लाल झाले, पण त्यांचा चेहरा बघून पिना गोळा करायला लागले. आम्हाला आणखी एकदाच संधी मिळणार होती.

दुसरा नमुना होईपर्यंत आबा शेडमध्ये हात पाठीमागे बांधून फिरले. कानस त्यांनी स्वतःच कपाटात ठेवली आणि किल्ली माझ्या टेबलावर आणून टाकली.

पुन्हा घमेलं आलं, पुन्हा ढवळाढवळ झाली. वीसच्या वीस बसल्या. शेडमध्ये जल्लोष झाला, मी तर चक्क शिट्टी मारली. आबांनी एक पिन उचलून उजेडात धरली.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "पर ह्यात आपल्या हातची कुठली, त्येच कळंना झालंय."

मीही घमेल्यात वाकून बघितलं. मलाही सांगता आलं नाही.