काकांची साखळी आणि उत्तरेचं स्टेशन

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतका सावध माणूस अख्ख्या सिंगापुरात शोधून सापडायचा नाही. आमच्या बुकित पंजांग स्टेशनात दर काही मिनिटांनी मेट्रो येते, तरी हे अर्धा तास आधी हजर, आणि गाडीत शिरल्या शिरल्या सीटवर रुमाल टाकणार! एकदा शेजारच्या चिनी आजीबाई हसून खास सिंगापुरी ढंगात म्हणाल्या, "अंकल, सीट कोणी पळवत नाही लाह!" काका गंभीरपणे म्हणाले, "पळवत नाहीत ते रुमालामुळेच."

एवढा सावध माणूस, पण लेकीच्या बाबतीत जीभ घसरली ती घसरलीच. तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं तेव्हा "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस" म्हणाले, आणि सहा वर्षं बापलेकीत अबोला. ती उत्तर स्वीडनमध्ये, खाणीच्या एका गावात इंजिनिअर. यंदा तिनं काकूंना कळवलं, "बाबांना यायचं असेल तर येऊ देत." झालं! काकूंची कंबर धरलेली, म्हणून सोबतीला माझी रवानगी. स्टॉकहोमहून विमानानं दोन तासांत पोचलो असतो. काकांनी मात्र रेल्वे आणि बस धरली. "दोन तासांत पोचल्यावर तिच्याशी काय बोलायचं ते ठरणार कधी?"

मग काय, दोन दिवस नुसता बर्फ आणि भूर्जाची झाडं. मी वैतागून गेलो होतो. काका पुटपुटत होते, "हे बघ बाळ, झालं गेलं..." आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या गाडीत डब्यात जेमतेम सहा माणसं, तरी यांनी बॅग साखळीनं सीटला बांधून कुलूप ठोकलंच. स्टेशन आलं. लेक फलाटावर उभी. आणि काकांना किल्ली सापडेना! कोट चाचपला, आतला कोट चाचपला, स्वेटर, बंडी...

"बॅग राहू द्या, उतरा!" मी ओरडलो.

"अरे, तिच्यासाठी भाजणी आहे त्यात!"

तेवढ्यात गाडी सुटली. काका मटकन खाली बसले. "तिला वाटेल, मी मुद्दामच उतरलो नाही," एवढंच म्हणाले. माझा सगळा राग तिथंच विरघळला.

पुढचं स्टेशन चाळीस किलोमीटरवर. तिथं पोचेपर्यंत तिकीट तपासनिसानं पकडीनं साखळी तोडून दिली. आम्ही उतरून रस्त्याकडे बघत कुडकुडत उभे राहिलो. दहा मिनिटांनी एक मोटार आली, आणि तिच्यातून लेक उतरली; आगगाडीच्या मागोमागच निघाली होती. काकांनी घसा खाकरला. "हे बघ बाळ, झालं गेलं..."

"आधी गाडीत बसा! कान उघडे टाकून उभे आहात, वय काय तुमचं? आणि ही साखळी कशाला? इथं कोण नेणार होतं तुमची बॅग?"

मग अख्खा रस्ताभर ती त्यांना रागावत होती. काका डोळे पुसत ऐकत होते. गावाचे दिवे दिसू लागले तशी ती गप्प झाली.

काका हळूच म्हणाले, "बोल ना अजून."