त्रेपन्न मुक्काम

"अरं, म्हातारा गेला कुठं? गोळ्या हितंच हाईत की!"

माझा थोरला भाऊ, दादा, आमच्या लॉजच्या पायरीवरून असा ओरडला, की समोरच्या स्टँडवरची गारगोटीची एसटी वेळेआधीच सुटली. त्याच्या हातात जपानी पाहुण्याची डबी होती. हृदयाची गोळी, रोज दुपारी बाराला, न चुकता. हे म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी छातीवर हात ठेवून दादाला समजावलं होतं. आता साडेअकरा झाले होते. मे महिना, कावळेसुद्धा सावली धरून उडत होते.

"मला काय ठावं?" मी म्हणालो. मला चांगलंच ठाऊक होतं.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. पाहुणा निवृत्त शाळामास्तर. जपानातल्या जुन्या हमरस्त्यावरच्या गावांचा इतिहास लिहीत होता. मीही इतिहासाचाच मास्तर, त्यामुळे संध्याकाळी आमची मोडक्या इंग्रजीत बैठक बसे. तो सांगे, पूर्वी जपानात छोटे छोटे प्रांत होते, प्रत्येक प्रांताचं एक मानाचं देवस्थान. एदोहून, म्हणजे आताच्या टोकियोहून, क्योतोला जाणाऱ्या हमरस्त्यावर त्रेपन्न मुक्काम. तिथं धर्मशाळा, ताजी घोडी, चहाची दुकानं. वाटेत नाक्यावर परवाना तपासणारे शिपाई. आजही भाविक देवळात वही पुढं करतात आणि तिच्यावर लाल शिक्का घेतात.

घोड्यांपर्यंत मी ऐकून घेतलं. त्रेपन्न म्हटल्यावर कोल्हापूरकराच्या छातीला सोसेना.

"आमच्याकडं पण हाय की," मी ठोकून दिलं. "कोल्हापूर ते जोतिबा. त्रेपन्न देवळं, त्रेपन्न मुक्काम."

"शिक्का?"

"गुलालाचा. अंगठ्यानं."

त्यानं सगळं वहीत उतरवून घेतलं. मला त्या रात्री छान झोप लागली.

आम्ही दादाच्या स्कूटरवरून शोधायला निघालो आणि शिवाजी पुलावर पोचेपर्यंत मी त्याला हे सांगून टाकलं. त्यानं स्कूटर अशी थांबवली, की मी त्याच्या पाठीवर आपटलो.

"त्रेपन्न? आरं, जोतिबाच्या वाटंवर?"

"बोलायच्या भरात..."

"म्हातारा मेला तर तुज्या भरात मेला म्हणायचा!"

पूल ओलांडल्यावर पहिल्याच देवळात गुरवाचा अंगठा गुलाबी होता. "व्हय, आलता की पावणा. वही फुडं केली आन् माज्या अंगठ्याकडंच बघत बसला. म्हटलं, घे बाबा!"

"कधी?"

"सकाळी. चालतच गेला."

वडणगे फाट्याला मारुतीपुढं बसलेल्या फुलवालीचाही अंगठा गुलाबी. "पाणी देत हुतो, प्यालं न्हाई बघा. लई घाईत हुतं." केर्लीत पानवाला म्हणाला, पाहुणा मधेच वाकून उभा राहिला होता, छाती धरून. दादानं स्कूटरचा कान पिळला. बारा वाजून गेले. मी हातातली डबी इतकी आवळली होती, की तिचं झाकण तळहातात रुतलं.

डोंगराच्या वाटेवर, गायमुखापाशी झाडाच्या बुंध्याला टेकून तो बसला होता. डोळे मिटलेले, चेहरा राखेसारखा, वही मांडीवर उघडी. दादानं त्याची हनुवटी वर केली, मी गोळी जिभेखाली सरकवली. मग आम्ही दोघं वाट बघत उकिडवे बसलो. मी जोतिबाला तेव्हा काय काय कबूल केलं, ते देवालाही आता आठवत नसेल. किती वेळ गेला कोण जाणे. त्यानं डोळे उघडले आणि आधी वही चाचपली.

"आता सांग त्याला," दादा म्हणाला. "तुज्या तोंडानं."

मी हात जोडले. म्हणालो, मास्तर, त्रेपन्न नाहीत. मी खोटं बोललो.

त्यानं वहीतले गुलाबी अंगठे बोटानं मोजले, वही मिटली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "अकरा आहेत."