बुडाखालचा माशाचा काटा

नझीहाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. नाबुल शहरातल्या आमच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्याचं दार साडेसातला उघडे. त्याआधीचे तीन तास ती घरी हिरवा रंग वाटत बसे. तांबटाकडून आणलेला तांब्याचा कीस भाजायचा आणि पाट्यावर पाणी घालून वाटायचा. बोटांना कण लागायचा बंद होईपर्यंत वाटायचा. कारखान्यात तयार हिरवा फुकट मिळत होता आणि थाळ्या रंगवणाऱ्या बाकीच्या बायका तोच वापरत. नझीहा म्हणे, "तो हिरवा नाही, शेवाळ आहे."

मी लारूसी. एकतीस वर्षं त्याच कारखान्यात भट्टी भरली. भांडी रचायची, ऑलिव्हची लाकडं घालायची, आच सांभाळायची. नझीहाच्या हिरव्याला आच जास्त झाली की तो ओघळायचा. म्हणून थाळी कच्ची असतानाच ती बुडाखाली खिळ्यानं माशाचा काटा कोरायची. तो माझ्यासाठी निरोप होता: वरच्या फळीवर, मागच्या बाजूला ठेव. काटा दिसला की मी थाळी तिथं ठेवायचो. बोलायची गरज नव्हती.

एकदा आच माझ्या हातून वाढली आणि तिच्या तीस थाळ्या वाया गेल्या. मालक सी मोख्तार ओरडत आले. नझीहा म्हणाली, "रंग मीच पातळ केला होता." माझी नोकरी राहिली. तिचा आठवडाभराचा पगार कापला गेला. नंतर मी आभार मानायला गेलो, तर म्हणाली, "आभार नकोत. आचेकडे बघ."

मागच्या वर्षी माझी नात अरीज घरी आली. ती आणि तिच्या मैत्रिणी दर शनिवारी वाचनालयात जमतात. ऑनलाइन ज्ञानकोशात ज्या कलावंत बायकांची पानं नाहीत, त्यांची पानं लिहितात. सहा तास बसतात, एकेका वाक्याला आधार शोधतात. मी एकदा बघायला गेलो होतो. काम नीट होतं.

"आजोबा, तुमच्या कारखान्यातली एकही बाई ज्ञानकोशात नाही," ती म्हणाली. "सी मोख्तारांचं पान मात्र लांबलचक. आणि त्यावर फोटो आहे हिरव्या थाळ्यांचा."

"कुठल्या हिरव्या?"

तिनं फोन दाखवला. मी चष्मा पुसून परत बघितलं. राजधानीतल्या एका छोट्या खासगी संग्रहालयातल्या थाळ्या होत्या. खाली लिहिलं होतं, बुडाखालचा माशाचा काटा म्हणजे सी मोख्तार यांचं चिन्ह.

"सी मोख्तारनं आयुष्यात कुंचला धरला नाही," मी म्हणालो. "काटा नझीहाचा. लिही पान."

तिनं लिहिलं. दुसऱ्याच दिवशी सूचना आली: छापील आधार द्या, नाहीतर सात दिवसांत पान काढलं जाईल.

"आधार म्हणजे काय? मी जिवंत आहे की."

"आजोबा, तुम्ही छापलेले नाही आहात."

सातव्या दिवशी पान गेलं. आम्ही नझीहाकडे सांगायला गेलो. तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. मोठी अक्षरं अजून दिसत होती, पण डॉक्टरनं वर्षभराचीच मुदत दिली होती.

"एवढी घाई कसली?" ती म्हणाली. "मी मेल्यावर लिहा. तेव्हा भांडायला मी नसेन."

"तुला वाचता येतंय तोवर पाहिजे," मी म्हणालो.

मग नझीहा अरीजला म्हणाली, "अक्षरं मोठी करता येतात ना गं त्यात?"

अरीज आणि मी संग्रहालयात गेलो. तिथल्या प्रमुख लेल्ला सुआद. चौदा थाळ्या काचेच्या कपाटात उभ्या.

"काका, हे चिन्ह मालकांचंच," त्या म्हणाल्या. "आमच्या सूचीत छापलंय."

"थाळ्या उलटवू नका," मी म्हणालो. "नुसत्या समोरून बघतो. काटा कुठल्या थाळ्यांखाली आहे ते सांगतो."

"असं कसं सांगाल?"

"भट्टी मी भरलीय, बाई. तुमच्या सूचीनं नाही."

अरीजनं माझी बाही ओढली. मी एकेक दाखवत गेलो. ही. ही. ती नाही, ते शेवाळ आहे. नऊ निघाल्या. लेल्ला सुआदनी हातमोजे चढवून चौदाही उलटवल्या. नवांखाली काटा होता. उरलेल्या पाचांखाली काही नव्हतं.

त्यांनी खुर्ची ओढली आणि मला बसवलं. कॉफी मागवली. "मालकांचं चिन्ह असतं तर सगळ्यांखाली असतं," त्या म्हणाल्या. "हे मला आधी सुचायला हवं होतं. पण काका, हे काटे नझीहाबाईंचेच, हे मी कशावरून छापू?"

मग एक आठवलं. नझीहाच्या घरी भिंतीवर एक मोठी थाळी होती. तिनंच रंगवलेली आणि कारखान्यातून विकत घेतलेली. सगळे हसले होते तेव्हा. स्वतःची थाळी कोण विकत घेतं? ती भाजली तेव्हा माझा हात जळलेला होता आणि भट्टी दुसऱ्यानं भरली होती. थाळीचं बूड मी कधी बघितलं नव्हतं.

नझीहा थाळी घराबाहेर द्यायला तयार होईना. "पंचेचाळीस वर्षं हलली नाही. बसमध्ये फुटली म्हणजे?" म्हणून लेल्ला सुआदच नाबुलला आल्या. नझीहानं त्यांना आधी जेवायला बसवलं. मासे, गरम रोटी आणि हरीसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी. "पोटभर जेवा. उपाशी हातातून भांडी पडतात."

जेवणानंतर मी थाळी उतरवली. उलटी केली. माशाचा काटा होता. त्याच्या शेजारी काळ्या रंगात, झिलईच्या आत, तिचं पूर्ण नाव आणि १९७९ साल.

लेल्ला सुआदनी फोटो काढले. पाच महिन्यांनी संग्रहालयाच्या वार्षिक अंकात त्यांचा लेख छापून आला. चूक आपली होती, हेही त्यांनी सरळ लिहिलं. शनिवारी मुलींनी पान परत टाकलं, सी मोख्तारांच्या पानावरची ओळ दुरुस्त केली. या वेळी पान टिकलं. त्या बाईंचे आणि त्या मुलींचे उपकार मी विसरणार नाही.

अरीजनं फोनवरची अक्षरं बोटाएवढी केली. नझीहानं एकेक ओळ वाचली. वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

"एक चूक आहे," ती शेवटी म्हणाली. "मी पाचला उठायचे असं लिहिलंय. साडेचार."

अरीजनं साडेचार केलं. मग विचारलं, "आजी, थाळी विकत का घेतली होती?"

"नाव लिहिलं म्हणून सी मोख्तार फोडायला निघाला होता. मग म्हणाला, नाव हवंय तर थाळी तुझीच, पण पूर्ण किमतीला. अडतीस दीनार. आठवड्याला सव्वा दीनार बाजूला टाकत सात महिन्यांत फेडली."

"घासाघीस नाही केली?" मी विचारलं.

"केली ना. तो म्हणाला, नाव कानशीनं घासून काढलंस तर तीसला देतो." तिनं फोन अरीजला परत दिला. "मी अडतीस दिले."