वरूडचा ड्रमर

अकोल्याच्या त्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी माझ्यासोबत वाजवायला कोणीही येत नव्हतं. ड्रमर नव्हता, बेस गिटारवालाही नव्हता. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरमालकिणीला नाही, बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. वर तिघं वाजवतात असं साऱ्या गल्लीला वाटायचं. वाजवायचो मी एकटा. उरलेले दोघं विटेएवढ्या एका डब्यात राहायचे आणि तो डबा माझ्या उजव्या पायापुढे असायचा.

डबा म्हणजे पायाने दाबायचं पेडल. एकदा दाबायचं, गिटारवर गाण्याचे कॉर्ड एक फेरी वाजवायचे आणि बरोबर मात्रेवर पुन्हा दाबायचं. तेवढ्यात तो आपली चाल ऐकून घेतो आणि दुसऱ्या फेरीपासून आतून ड्रम आणि बेस आपसूक सुरू करतो. मग आपण मोकळे, वर काय वाटेल ते वाजवा. जॅझमध्ये ही साथ लागतेच. साथीशिवाय जॅझ वाजवणारा म्हणजे वरात नसताना घोड्यावर बसलेला नवरदेव.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. बदली होऊन अमरावतीहून अकोल्याला आलो. बायको तिच्या शाळेपायी मुलींना घेऊन तिकडेच राहिली. एका शनिवाराआड मी घरी जायचो, मधला रविवार खायला उठायचा. कॉलेजात गिटार शिकलो होतो, पण जॅझ चाळिशीत लागलं, इंटरनेटवर ऐकून. या वयात लोकांना साखर लागते, मला हे लागलं. दिवसभर समोर मातीच्या पिशव्या यायच्या. आणणारे विचारायचे, “साहेब, काही उरलं का हिच्यात?” मी नत्र-स्फुरदाचे आकडे लिहून कागद पुढे करायचो. आकडे बरोबर असायचे. कागदाची घडी करून खिशात घालताना कोणाचा चेहरा उजळलेला मात्र मी पाहिला नाही. खोलीवर आलो की गिटार जवळ करायचो.

खोलीत टाकायला गादी हवी होती म्हणून जुन्या शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा. घराण्याचा धंदा कापूस पिंजायचा, आणि लग्नसराईत हा ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. गादीतला कापूस काठीने झोडपताना तो असा काही ठेका धरून होता की मी किंमत विचारायचं विसरलो. मोबाइल काढून त्याला जॅझचा एक तुकडा ऐकवला. डोकं एका बाजूला कलवून त्याने ऐकला.

“हे तं लंगडं घोडं आहे,” तो म्हणाला. “पण मजेत चालून राहिलं.”

दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचा ड्रमसेट होता. रविवारी तिथे आम्ही बसायला लागलो. चहूकडे रजयांच्या थप्प्या, त्यामुळे आवाज बाहेर जायचा नाही आणि कापसाची म्हातारी नाकात जायची. मला शिंका यायच्या त्याही तो ठेक्यात धरायचा. मला तो ‘मातीवाले’ म्हणायचा, मी त्याला ‘भाई’.

त्याच्यात खोडी होत्याच. ऐन रंगात उशीवालं गिऱ्हाईक यायचं, मग हा काड्या ठेवून उठायचा आणि उशीवरून घासाघीस करत बसायचा. गाणं तापलं की त्याचा वेग वाढायचा.

“भाई, गाडी सुटून राहिली का?”

“अबे, गरम झालं की पळतेच. तूच मांगं राहतं.”

आणि शेवटच्या फेरीत हटकून वरातीचा ठेका. हात नेईल तिकडे जायचा तो. मी वैतागायचो. बोलायचो नाही, कारण मी मुळात बोलतच नाही. तोंडावर सांगायचं ते पोटात ठेवायचं आणि पाठीमागे भलतंच करायचं, असा माझा स्वभाव.

तर त्या स्वभावाला धरून मी डबा मागवला, अमरावतीच्या पत्त्यावर. मनाशी म्हटलं, रविवारच्या आधी तयारी करू, त्यात काय. त्याआधी मोबाइलवर साथीचे तयार ट्रॅक लावून पाहिले होते. सुरुवातीला एक साहेब इंग्रजीत चार आकडे मोजायचा. खालून घरमालकीणबाईंनी विचारलं, “भाऊ, थो गिनती करणारा कोण आहे?” तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. डब्यात मोजणारा नव्हता. डबा वेळेवर यायचा, म्हणजे तिथेच असायचा. उशा विकत नव्हता, पळत नव्हता, वरातीत घुसत नव्हता. महिनाभरात मी लाडावलो.

भाईला निरोप धाडला, बोट सुजलंय, काही दिवस वाजवणं बंद.

इकडे घरमालकीणबाई. त्यांच्या घरी फुलांचा धंदा, अंगणात झेंडूचे ढीग. भाईकडे जाणं बंद झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी त्या जिन्यावरून ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये तीन कप. मी दाराच्या फटीतूनच घेतला.

“तिघाईले तीन ठेवले. साखर पाह्यजो.”

त्याच क्षणी सांगता आलं असतं की बाई, मी एकटाच आहे. पण इतक्या मायेने आणलेल्या दोन कपांना परत कसं पाठवायचं? आणि लाज सोडून लिहितो, तीन कपांचा ट्रे आपल्या दारात यावा याचं मला बरं वाटलं. एरवी माझ्या दारात फक्त पेपर यायचा. तिन्ही कप मी प्यायलो. पुढच्या खेपेलाही. त्या पुढच्या खेपेला चहाबरोबर पोहे आले, तीन बशा. पोटात आग पडायची, पण कप रिकामे जायचे.

“थे दोघं कवा येतात अन् कवा जातात, मले तं दिसतच नाईत,” एकदा त्या म्हणाल्या.

“तुम्ही फुलं घेऊन बाजारात जाता ना, तेव्हा येतात.”

“अन् जातात?”

“तुम्ही आरतीला गेल्यावर.”

“मोठे लाजरे आहेत बाप्पा,” त्या म्हणाल्या. पुढच्या ट्रेमध्ये लाजऱ्या पाहुण्यांसाठी झेंडूची दोन फुलं होती.

अशाच एका रविवारी संध्याकाळी ट्रे खाली द्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, “तुमचा गादीवाला दोस्त आलता. मी म्हटलं वर जा, तिघं बसले आहेत. थो म्हणे, ‘नाई ताई, बसू द्या.’ फाटकापाशी उभा राहून लई वेळ आयकत होता. हे ठेवून गेला तुमच्यासाठी.”

बाटलीत हळद घालून कढवलेलं तेल होतं, बोटाला लावायचं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर दुकानात गेलो. ते गुलाबी बोंडअळीचं साल. शेतातून कापूस आला नाही, म्हणून गावोगावची लग्नं एका दुपारीत उरकत होती. ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या बंद झाल्या होत्या. वाजवायचंच असलं तर लोक टेम्पोवर डीजे लावून मोकळे व्हायचे. भाईचा तो सगळा मोसम दुकानात बसून गेला होता. माझ्यासोबतचे रविवार तेवढे राहिले होते, आणि तेही मी सुजवले.

“बोट कसं आहे?” त्याने विचारलं.

“बरं आहे.”

“दिसलंच. काल लई पळत होतं.”

मी गादीच्या शिवणीकडे पाहत बसलो. त्याने चहा सांगितला. मग म्हणाला, “मले पहिले वाटलं, यानं टेप लावला का काय, डीजेवानी. तसं असतं ना मातीवाले, तं वर येऊन फोडलं असतं मी. मंग म्हटलं, नाई, हा तसा माणूस नाई.” आणि त्याने विचारलं, “माणूसच आहे ना?”

“माणूस आहे,” मी म्हणालो.

“कुठचा?”

समोर रस्त्यावर वरूडच्या संत्र्यांचा ट्रक अडकून उभा होता.

“वरूडचा.”

“बाग असन मंग त्याची?”

“आहे.”

“अन् ड्रम?”

“शौक.”

भाईने मान हलवली. रागाचं चिन्ह नव्हतं. “माणसानं जागा घेतली तं काय वाईट वाटून घ्याचं. हात साफ आहे पोट्ट्याचा. चुकतच नाई. त्याले सांगजो, मधात मधात चुकत जाय. आयकणाऱ्याले भेव वाटते.”

चहा आला. तो पिताना माझी जीभ भाजली, आणि मला ते योग्य वाटलं.

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने एकदा बोललेलं खोटं पोसावं लागतं, हे मला कळायला वेळ लागला नाही. भाई दर भेटीत विचारायचा, “वरूडवाला काय म्हणते? या साली बहार कसा आहे?” आणि मी, ज्याच्या समोर अमरावतीला असताना रोज त्या भागातली माती यायची, बहाराची बित्तंबातमी द्यायचो. फळाला गळ लागली आहे, पाणी कमी आहे. एकदा म्हणाला, “बागेतले संत्रे तं आण यार कधी.” अमरावतीच्या बस स्टँडबाहेर हातगाडीवरून मी पिशवीभर संत्री घेतली. बायकोने विचारलं, एवढी कशाला? म्हटलं, ऑफिसात वाटायला. भाईने दुकानात बसून एक सोललं, फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

“बागेतलं फळ वेगळंच असते. बाजारात हे भेटत नाई.”

मी म्हणालो, “कुठून भेटणार.”

थंडीत त्याने मला दुकानात बोलावून घेतलं आणि कागदात बांधलेलं काहीतरी मांडीवर ठेवलं. सोडून पाहिलं तर गोल छोटी गादी, लाल छिटाची, कडेला बारीक टाके. ड्रमरच्या स्टुलावर ठेवायची.

“वरूडवाल्याले देजो. संत्रे खाल्ले त्याचे, फुकट नाई ठेवत मी. ड्रमरची कंबर पहिले जाते, मले माहीत आहे. अन् मशीनवरचा कापूस नाई हा. अब्बाकडून हाताच्या धनुकलीनं पिंजून घेतला.”

त्याने दुकानात पिंजायचं मशीन बसवलं तेव्हा त्याचे अब्बा त्याच्याशी बोलेनासे झाले होते, ही गोष्ट त्याने मला फार पूर्वी हसत हसत सांगितली होती. आता त्याच अब्बांना मनवून त्याने हा कापूस पिंजून घेतला होता, एका डब्यासाठी. नजर चुकवायला मागच्या खोलीकडे पाहिलं. ड्रमसेटच्या जागी रजया होत्या.

“ड्रम कुठं गेला?”

“विकला. बार्शीटाकळीचे बँडवाले घेऊन गेले.”

“का?”

“काहून म्हणजे? सुपाऱ्या नाईत. तुही तं सोय झालीच. मी कोणासाठी ठेवू, उशाईसाठी?” आणि तो आपल्याच बोलण्यावर हसला.

मीही हसलो. 

खोलीवर आलो. वरूडवाल्याला आता संपवायलाच हवा होता. मारून टाकावा असंही मनात आलं, सापबीप चावून. पण भाईला मी ओळखून होतो. तो दुकान बंद करून वरूडला मातीला जायला निघाला असता, वर गाडीत मलाही बसवलं असतं. म्हणून मी त्याला पुण्याला नोकरीला पाठवला.

“तिथं वाजवते का थो?” भाईने विचारलं.

“नाही. सोडलं.”

“अरेरे,” तो म्हणाला. खरंच हळहळला. “मोठा हात होता यार.”

पुढे माझी बदली परत अमरावतीला झाली. निघताना घरमालकीणबाईंनी तिघांसाठी मिळून एक हार दिला. मी तो गिटारच्या पेटीवर घातला. भाईशी फोनवर बोलणं होतं. संत्री बाजारात आली की तो अजूनही विचारतो, पुण्यावाल्याचा काही फोन? मी म्हणतो, नाही.

लाल गादी माझ्याकडेच आहे. बायकोला सांगितलंय, अकोल्याला विकत घेतली. गिटार काढतो तेव्हा डबा त्या गादीवर ठेवतो. वापरायला ते सोयीचं नाही. मऊ कापसात पेडल रुततं, पाय उशिरा पडतो आणि फेरी अर्ध्या मात्रेने लांबते. ती चूक डबा मग इमानदारीने दर फेरीत करतो. मी दुरुस्त करत नाही, त्याच्यावरच वाजवत राहतो.

भाईचं मी देणं लागतो ते एवढंच: अकोल्याला जायचं, गादी त्याच्या हातात ठेवायची आणि सांगायचं की वरूडचा कोणी नव्हता, तू फोडला असतास तोच डबा होता, आणि ड्रम तू माझ्यामुळे विकलास. अजून सांगितलेलं नाही.