नात्याचा रकाना

सूर्यभान वानखडे एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होता, आणि अख्ख्या डेपोत त्याच्याइतका नियमावर बोट ठेवणारा माणूस दुसरा नव्हता. एकदा आसेगावला त्यानं भर उन्हात एका मजुराला खाली उतरवलं होतं, कारण पास त्याचा नव्हता, त्याच्या भावाचा होता. तो हात जोडून म्हणत होता, "सख्खा भाऊ हाये ना साहेब, एकच तं घर हाये." सूर्यभाननं घंटी मारली होती. ही गोष्ट तो पुढं कित्येक वर्षं मोठ्या अभिमानानं सांगायचा. असा माणूस कागदावर खोटं लिहील, हे चांदूर बाजार गावात कुणालाच पटलं नसतं. त्यालाही पटत नव्हतं.

पण सोमवारी सकाळी मोबाइलवर मेसेज तर तसाच आला होता. 'चुकीची माहिती दिल्याचे आढळल्याने आपले कुटुंब सभासदत्व रद्द करण्यात आले आहे.' वर्षाचं सभासदत्व, पैसे आधीच भरलेले, आणि उणेपुरे पाच महिने झालेले. त्यानं तो मेसेज चारदा वाचला आणि मग फडताळातली गोळ्यांची पाकिटं काढून मोजली. चौदा गोळ्या होत्या. लीलाबाईला दिवसाला चार लागत.

लीलाबाई त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या, मग घास गिळेना, मग हात वर उचलेना. डॉक्टरनं सांगितलं, नसांचं नि स्नायूंचं दुखणं आहे, बरं होत नाही, पण गोळी वेळेवर गेली तर माणूस घरात चालतं-फिरतं राहतं. ती गोळी चांदूर बाजारात कुणी ठेवत नाही. एका बाईसाठी ठेवणार कोण? अमरावतीतही वर्षातून दोनतीनदा तिची टंचाई व्हायची. म्हणून सूर्यभाननं अमरावतीच्या औषधांच्या एका मोठ्या दुकानाचं सभासदत्व घेतलं होतं. पाटी हिरवी, पोरापोरींचे कपडे हिरवे, म्हणून सगळे त्याला हिरवं दुकान म्हणत. सभासदाची दर महिन्याची औषधं त्याच्या नावानं आधीच बाजूला काढून ठेवायची, ही त्यांची मोठी सोय. बाकीच्यांना उरलं तर मिळणार.

घोळ झाला तो फॉर्मवर. कुटुंबाच्या सभासदत्वात पाच माणसांचे रकाने होते आणि सूर्यभानच्या घरात माणसं दोनच. पोटी मूलबाळ नाही. मग त्यानं आपलं नि लीलाबाईचं नाव लिहून उरलेल्या तीन ओळींत गल्लीतली माणसं लिहिली. भिंतीला भिंत लागून राहणारी रजियाबी, तिला दम्याचा पंप लागायचा. नात्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं, बहीण. मग गंगूबाई, मावशी. मग त्याच्याच गाडीवरचा जुना ड्रायव्हर चंद्रभान, भाऊ. हे लिहिताना त्याचा हात अडखळला नाही. रजियाबीचा नवरा नबी गेल्यावर तिच्या पोरीच्या, यास्मीनच्या, लग्नात मामा म्हणून हाच उभा राहिला होता. अकोल्याला दिलेली ती पोरगी अजूनही फोनवर मामू म्हणूनच हाक मारायची. बत्तीस वर्षं लोकांचे पास तपासणाऱ्या या शहाण्याला एवढं कळलं नाही, की रकाना कंपनीचा आहे, गल्लीचा नाही.

सोमवार अख्खा फोनवर गेला. मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, मग नुसतं संगीत. शेवटी एक पोरगा बोलला नि म्हणाला, दुकानात जाऊन भेटा.

मंगळवारी तो पहिल्या गाडीनं निघाला. लीलाबाई खाटेवरून म्हणाली, "भांडू नका तिथं. गोड बोला." शब्द नाकातून येत होते. रजियाबी तिच्याजवळ बसायला आली होती. "तुमी जा भाऊ, मी हाये," ती म्हणाली.

हिरव्या दुकानात काउंटरवर प्राजक्ता नावाची मुलगी होती. चांगली होती बिचारी. तिनं त्याला खुर्ची दिली, संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "काका, पाच जणांची चार आडनावं आहेत. पत्तेही वेगळे. ही बहीण तुमची सख्खी आहे का?"

"सख्खीपेक्षा जास्त हाये."

"आधार कार्डावर तसं दिसत नाही ना, काका."

"पोरी, मी एसटीत होतो. पास काढला का मुदतीपर्यंत चालते. मधातच कोनी उतरवत नाई." हे बोलता बोलता त्याला आसेगावचा तो माणूस आठवला.

"बरं, रद्द केलं तं केलं," तो म्हणाला, "पन माह्या बायकोची गोयी तं द्या. थे तं माह्याच घरची हाये."

प्राजक्तानं मान खाली घातली. गोळीचा तुटवडा होता. मागं कपाटात चार पाकिटं होती, चारही दुसऱ्या सभासदांच्या नावानं काढलेली. सभासद नसलेल्याला दिली तर तिची नोकरी जाणार होती. ती उठून मॅनेजरशी बोलून आली आणि एक कागद पुढं केला. "असं लिहून दिलं तर मुख्य ऑफिसला पाठवते. सर म्हणाले, काम होऊन जाईल."

कागदावर छापलेलं होतं: 'खालील व्यक्तींशी माझे कोणतेही नाते नाही.' खाली तीन ओळी मोकळ्या.

सूर्यभाननं पेन घेतलं. चंद्रभानचं नाव लिहिलं. गंगूबाईचं लिहिलं. तिसरं नाव लिहिताना त्याला फार वाईट वाटलं, अगदी रडू येईल असं वाटलं. पण पाकिटात गोळ्या आठ उरल्या असतील, हा हिशेब त्याच्या डोक्यातून जात नव्हता. त्यानं 'रजियाबी शेख नबी' असं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. प्राजक्तानं एक प्रत त्याला दिली, ती घडी घालून त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली.

उत्तर येईपर्यंत बसायचं होतं. दोन वाजले, तीन वाजले. मधेच तो राजकमल चौकातली आणि राजापेठेतली सहा-सात मेडिकलं पालथी घालून आला. कुणी परवा या म्हणालं, कुणी नागपूरला पाहा म्हणालं. परत आला तेव्हा प्राजक्ता त्याच्याकडे न बघता संगणकाकडे बघत होती, आणि त्यावरूनच त्याला काय ते कळलं.

"काका, ते म्हणतात..." तिनं वाचूनच दाखवलं. "सभासदाने चुकीची माहिती दिल्याचे लेखी मान्य केले आहे. त्यामुळे सभासदत्व पुन्हा सुरू करता येणार नाही. उरलेल्या मुदतीची रक्कम परत करण्यात येईल."

"तुमीच तं लिवून घेतलं!"

"हो काका."

"मंग?"

प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्या पाण्याचं सूर्यभान काय करणार होता? तो भांडला. गोड बोलायचं विसरून इतका मोठ्यानं भांडला, की गिऱ्हाइकं मागं सरली. मग त्यानं त्या पोरीपुढं, नातीच्या वयाच्या पोरीपुढं, हात जोडले. आणि मग काहीच सुचेना तेव्हा गाडी धरून घरी आला.

घरी आल्यावर त्यानं गोळ्या मोजल्या. आठ असायला हव्या होत्या, तर अकरा निघाल्या. लीलाबाई कालपासून गोळीचे दोन तुकडे करून अर्धी अर्धीच घेत होती. तिचे दोन्ही डोळे मिटलेले होते. एका बोटानं पापणी वर उचलून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"भेटली का?" तिनं विचारलं.

"उद्या येऊन राहिली," तो म्हणाला. आयुष्यातलं पहिलं खोटं त्यानं हे सांगितलं, कागदावरचं सोडून. दाराबाहेर रजियाबीला मात्र त्यानं एवढंच सांगितलं, की त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि वर गोळीही दिली नाही.

बुधवारी सकाळी तिला पाण्याचा घोटही गिळेना. ठसका लागला तो पाच मिनिटं थांबला नाही. गावातल्या डॉक्टरनं हात वर केले. "श्वास अडकला तर मशीनवर घ्यावं लागेल, आजच्या आज अमरावतीला हलवा, नाहीतर गोळी आणा." सूर्यभानच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी ठरवायला तो उठला, तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याहून यास्मीन होती.

"मामू, अम्मीनं काल सगळं सांगतलं. गोयी भेटली. अकोटवरून जानाऱ्या परतवाड्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देल्ली. बारा वाजता स्टँडवर उभे राहा."

ही एसटीची जुनी पद्धत. डबा असो, औषध असो, चावी असो, कंडक्टरजवळ द्यायचं आणि पुढच्यानं स्टँडवर उभं राहायचं. सूर्यभाननं अशी हजार पुडकी नेली होती, त्यात काय आहे हे कधी विचारलं नव्हतं. चंद्रभाननं आपली मोटरसायकल काढली आणि दोघं परतवाड्याला जाऊन तासभर आधीच उभे राहिले. गाडी आली. कंडक्टरनं खिडकीतून हिरवी पिशवी दिली. सूर्यभाननं ती दोन्ही हातांनी घेतली.

पिशवीवर बिल टाचलेलं होतं. मोटरसायकलच्या मागं बसल्या बसल्या त्यानं ते वाचलं. यास्मीननं काल संध्याकाळी अकोल्याच्या हिरव्या दुकानात नवं सभासदत्व काढलं होतं. रुग्ण, लीलाबाई सूर्यभान वानखडे. सभासदाशी नातं, मामी.

चंद्रभान काहीतरी विचारत होता, सूर्यभानला ऐकू येत नव्हतं. या रकान्याचं पुढं काय होतं हे आता त्याला ठाऊक होतं. आज ना उद्या संगणक यास्मीनलाही विचारणार होता. पण त्याहून जास्त त्याला खिशातला कागद टोचत होता.

घरी रजियाबी लीलाबाईला टेकून बसवून होती, एका हातानं पाठ चोळत. पिशवी बघून म्हणाली, "आली ना भाऊ? म्या म्हतलं होतं. मले सांगा, त्या अमरावतीवाल्यायनं काय लिवून घेतलं तुमच्याजवळून?"

काहीतरी थाप मारता आली असती. एक कालच मारून झाली होती. पण पिशवीवरचं 'मामी' वाचल्यावर थाप तोंडातून निघेना. त्यानं कागद काढला. रजियाबीला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं उभ्या उभ्या वाचला. वरचं छापील वाक्य वाचलं, चंद्रभानचं नाव वाचलं, गंगूबाईचं वाचलं, आणि तिसरं नावही वाचलं, पूर्ण.

रजियाबीचा पाठीवर फिरणारा हात थांबला. लीलाबाईनं पापणी उचलायला बोट वर नेलं, पण ते तिथवर पोचलं नाही.

"झालं वाचून?" रजियाबी म्हणाली. "आता तिले गोयी द्या."

सूर्यभाननं गोळी काढली. रजियाबीनं लीलाबाईची मान सावरली, चमच्यानं पाणी पाजलं, गोळी खाली उतरेपर्यंत गळ्यावर बोटं ठेवून बसली. तिनं एकदाही वर बघितलं नाही. चमचा विसळायला ती मोरीकडे गेली तेव्हा सूर्यभानच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला भाऊ म्हणाली नव्हती.