टिपांचे आकडे

मोबाइल-टॅबवर वाचायची पुस्तकं तयार करणं हे त्याचं काम, आणि कचेरीत त्याला सगळे ‘इस्त्री’ म्हणत. पानावरची एक सुरकुती त्याला खपत नसे. बोट टेकवलं की तळटिपेकडे नेणारा, वाक्याच्या शेवटी वरच्या अंगाला बसणारा आकडा तर त्याच्या डोळ्यांत खुपायचा. कुणी तो निळा करी, कुणी खाली रेघ ओढी, एखादा एवढा मोठा की ओळच खाली सरके. इस्त्रीने नियमच करून टाकला: सगळे आकडे सारखे, मुंगीएवढे, अक्षरांच्याच काळ्या रंगाचे.

मावशीच्या यजमानांच्या आठवणींचं पुस्तकही त्यानेच हौसेने केलं. आई गेल्यावर मावशीनेच त्याला वाढवलं होतं. काका आता नव्हते. त्यांनी जिथे जिथे थाप ठोकून दिली होती, तिथे मावशीने टीप घालून खरं काय ते लिहिलं होतं. अख्ख्या पुस्तकात तिचे म्हणून शब्द होते ते तेवढेच.

“बघ मावशी, टीप आहे हे कळतसुद्धा नाही,” टॅब देताना तो ऐटीत म्हणाला.

“खरंच कळत नाही रे.” तिचं थरथरतं बोट आकड्याकडे गेलं आणि पानच उलटलं. मागे आली, पुन्हा उलटलं. “नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील. माझाच मेला हात धड नाही. राहू दे, काय लिहिलंय ते मला पाठ आहे.”

“थांब, मी उघडून देतो.” त्याचंही बोट दोनदा चुकलं. मग टीप उघडली. वर काकांनी लिहिलं होतं, भाचा जात्याच हुशार, त्याच्यासाठी कधी काही करावं लागलं नाही. खाली मावशीची टीप: ‘पोराला फळा दिसत नसे. चष्मा लागेपर्यंत त्याचा धडा मी रोज मोठ्या अक्षरांत उतरवून देत होते.’

प्रत्येक टिपेचा आकडा त्याने कातरला होता, वाचली एकही नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिच्याशेजारीच लॅपटॉप घेऊन बसला. आकडे मोठे केले, निळे केले, खाली रेघा ओढल्या.

“अरे, ओळी वेड्यावाकड्या दिसतायत,” मावशी म्हणाली.

“दिसू देत.”

तिने बोट टेकवलं, टीप उघडली. मावशी खुशीत मोठ्याने वाचू लागली, आणि वाचून संपलं तरी त्याला मान वर करता येईना.