दहाच्या आतलं ऊन

मी लिहायला शिकले ती पत्रकांवर. आमच्या लातूरच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं भरपूर: पाण्याची, वसतिगृहाची, जयंतीची. घड्या घालायचं काम माझ्याकडे. वडील सांगायचे, पत्रकात 'परंतु' आला की माणूस कागद खाली ठेवतो, म्हणून सांगायचं ते सरळ सांग. मोठी झाल्यावरही मी तसंच लिहीत राहिले.

गेल्या वर्षी एका संस्थेसाठी मी शाळांमध्ये ऊन आणि त्वचेचा कॅन्सर यावर बोलायला जाऊ लागले. औशापासून लोह्यापर्यंत. मुलांना मैदानात उभं करून स्वतःची सावली मोजायला लावायचे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की झाडाखाली जायचं. डोक्याला रुमाल, अंगभर बाह्या, आणि बरी न होणारी जखम दिसली की दवाखाना. शिक्षक हसायचे. "मॅडम, आमच्या कातडीला काय व्हायलंय? आम्ही भाजूनच जन्माला आलोत." मी भांडायचे. उशिरा आलेल्या पोरांना उन्हात उभं करता म्हणून एका मुख्याध्यापकांच्या टेबलावर मी हात आपटला होता.

पत्रकही मीच लिहिलं. शाळांची अडचण अशी होती की परिपाठ उघड्या मैदानात होतो, तो न्यायचा कुठे? म्हणून मी ठळक अक्षरांत लिहिलं: 'सकाळी दहाच्या आतल्या उन्हाला भिऊ नका.' पहिल्या मसुद्यात त्याखाली आणखी एक ओळ होती. ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंग नसतो, त्यांना कुठलंच ऊन चालत नाही, अशी. असं मूल शाळेत एखादंच, आणि ओळ सुरू होत होती 'परंतु'ने. मी ती काढून टाकली. पत्रकं जूनमध्येच सगळ्या शाळांत वाटून झाली.

दिवाळीनंतर मी लोह्याजवळच्या एका शाळेत गेले. आठवीच्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी होती. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, वही नाकाला लावून लिहीत होती. मागून एक पोरगा म्हणाला, "ए ट्यूबलाइट, लाव की लाइट."

"नको," ती न वळता म्हणाली. "तुझं तोंड दिसंल."

वर्ग हसला, मीही हसले. तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली. "ताई, माझी आई मला रोज उन्हात बसवती. तेल लावून."

"कुठलं तेल?"

"बावचीचं."

बावचीचं तेल आमच्याकडे कोडावर लावतात आणि मग उन्हात बसतात. तेलामुळे कातडीला ऊन जास्त लागतं. कोड असलेल्याला त्याने कधी कधी गुण येतो. या मुलीला कोड नव्हतंच. तिच्या कातडीत जन्मापासूनच रंग नव्हता, येणार तरी कुठून? ती नुसती भाजत होती.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई नुकतीच रानातून आली होती. मी उभ्या उभ्या बोलायला सुरुवात केली, सभेत बोलावं तशी. तिने सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि आरशामागे खोचलेलं माझं पत्रक घेऊन आली.

"आधी मीबी भ्यायचे," ती म्हणाली. "आठवड्यातून एक दिवस बसवायचे. शाळेतून हा कागद आला, तवापासून रोज बसवायले. घड्याळ बघून. दहाच्या आत." तिने मुलीची बाही वर सरकवली. दंडावर तपकिरी ठिपके होते. "बघा. रंग यायलाय."

ते उन्हाने पडलेले डाग होते. मी मुलीचे केस बाजूला केले. उजव्या कानाच्या वरच्या कडेला खपली होती, आणि खपलीखाली ओल.

"हे कधीपासून?"

"पावसाळ्यात खरचटलं. भरंचना," आई म्हणाली.

मला वाटलं, आता रडू येईल, किंवा स्वतःचा राग येईल. काहीच आलं नाही. दात काढताना सुई दिल्यावर ओठ आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. "ते मी लिहिलंय," मी म्हणाले. "चुकीचं लिहिलंय. तेल बंद करा. सोमवारी नांदेडला दाखवू."

"कागदावर विश्वास ठिवला तुमच्या," ती म्हणाली. "आता तोंडावर ठिवू?"

सोमवारी मी सकाळपासून नांदेडच्या सरकारी दवाखान्यात बाकावर बसून राहिले. भिंतीवर तक्ते होते. एरवी मी त्यांतल्या चुका काढते. त्या दिवशी नुसती बघत होते. अकराच्या सुमाराला दोघी आल्या. आईने माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांच्या टेबलावर तिने तेलाची बाटली आणि माझं पत्रक शेजारी शेजारी ठेवलं.

"यातलं खरं काय?"

"दोन्ही हिच्यासाठी न्हाईत," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी कानाच्या कडेचा तुकडा तपासायला घेतला.

आठ-दहा दिवसांनी आम्ही तिघी पुन्हा गेलो. कॅन्सर झालेला नव्हता, पण कातडी त्याच वाटेला लागली होती. तेवढा भाग त्याच दिवशी काढला. पुन्हा असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाल्या. दर तीन महिन्यांनी दाखवायचं आणि उन्हात जायचं नाही, सकाळच्याही नाही. आईने दोनदा विचारून घेतलं. मी माफी मागायला हवी होती. मी म्हणाले, "लोह्याची गाडी चारला हाय."

गाडीत दोघी एका बाकावर बसल्या, मी पलीकडे. मुलीच्या कानावर पट्टी होती. तिने आईला ओलांडून मला विचारलं, "ताई, मग रंग येणार न्हाई का?"

आईने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. रंगावर, माणसाच्या बरोबरीवर मला चांगली वाक्यं येतात. लहानपणापासून पाठ आहेत.

"न्हाई," मी म्हणाले.

"कधीच?"

"कधीच न्हाई."

मुलीने मान हलवली. "बरं झालं. लई वास मारतंय ते तेल."

आईने तिला उठवून आतल्या बाजूला बसवलं आणि स्वतः खिडकीशी सरकली. पडदा नव्हता. लोहा येईपर्यंत ऊन तिच्या तोंडावर होतं.